कोपरापर्यंत हात

अनंता वेखंडे ऊर्फ अण्णा यांनी वयाच्या पासष्टाव्या वर्षापर्यंत एकही व्हिडिओ गेम खेळला नव्हता. आणि शहापूर-मुरबाड या दोन तालुक्यांत व्हिडिओ गेमवर त्यांच्याइतकं परखड दुसऱ्या कोणी लिहिलेलं नाही. या दोन वाक्यांत कोणाला विरोध दिसत असेल, तर त्यांनी समीक्षक जवळून पाहिलेले नाहीत.

मी एक पाहिला. सात वर्षं रोज संध्याकाळी त्यांच्या पुढ्यात बसलो. त्यांच्याबद्दल आजवर कुठे चार ओळी लिहिल्या नाहीत, त्याचं कारण नम्रता नव्हे. गेल्या थंडीत अण्णा गेले. आता लिहायला हरकत घेणारं कोणी उरलं नाही. हरकत तशीही माझीच होती.

अण्णांचं उमेदीचं आयुष्य मुरबाडजवळच्या एका गवताच्या वखारीत गेलं. दिवाळीनंतर डोंगरातलं गवत कापून येतं, यंत्रात दाबून त्याच्या गासड्या बांधतात आणि त्या मुंबईच्या तबेल्यांना जातात. आलेलं गवत पारखायचं, हे अण्णांचं काम. लोक हुशार असतात. आत ओलं, मागच्या वर्षीचं काळं पडलेलं गवत भरून वरून ताजं लावतात. त्यावर अण्णांचा उपाय एकच होता. गासडीत कोपरापर्यंत हात घालायचा, आतली मूठ ओढून बाहेर काढायची, वास घ्यायचा आणि मग बोलायचं. "वरून सगल्या गासड्या सोन्यावानी," ते म्हणायचे. "वरनं भाव बोलनारा येक तर येडा, नाय तर वाटेकरी."

त्याच वखारीत एकदा दाबयंत्राने त्यांचा उजव्या हाताचा अंगठा नेला. अंगठ्यावरून जी पौराणिक गोष्ट सगळ्यांना सुचते ती त्यांना ऐकवायला शहापुरातला प्रत्येक सुशिक्षित माणूस एकदा तरी आला. प्रत्येकाला वाटे, हे आपल्यालाच सुचलं. अण्णा शांतपणे ऐकत आणि विचारत, "गुरुजी, गवत दाबता का कदी?"

वखार सुटली आणि ते शहापुरात पुतण्याकडे आले. पुतण्याने बाजारपेठेत, पिठाच्या गिरणीला लागून, गेमचं दुकान काढलं होतं. दोन टीव्ही, टीव्हीला जोडायच्या दोन कन्सोल-पेट्या, कपाटात पन्नास-साठ डिस्क. तिथेच बसून खेळा, नाही तर डिस्क भाड्याने घरी न्या. सहा महिन्यांत पुतण्याला गुजरातेत नोकरी लागली आणि दुकान अण्णांच्या गळ्यात पडलं. गिऱ्हाईक विचारी, "अण्णा, हा गेम चांगला हाय का?" ज्याने तीस वर्षं गवताच्या मुठीवर निकाल दिला, त्याला "ठाऊक नाय" म्हणणं जमेना. एक तर खेळायला हवं होतं, किंवा खेळणारा हवा होता. बिनअंगठ्याच्या हातात गेमचा तो बटणांचा रिमोट उभाच राहत नसे.

खेळणारा म्हणून मी मिळालो. मी तेव्हा तालुक्याला कारकून होतो, तिशी ओलांडलेला. माणसाला कचेरीत काहीच करू दिलं नाही की संध्याकाळी त्याला जग वाचवावंसं वाटतं. मी त्या दुकानात जाऊन रोज थोडं जग वाचवायचो. अण्णांनी मला हेरलं. "भाऊसाहेब, तुजा अंगठा बरा चालतो," म्हणाले. आमच्याकडे कारकुनाला भाऊसाहेब म्हणतात. अण्णा भाऊसाहेबही म्हणत आणि अरे-तुरेही करत, म्हणजे मान आणि माप एकाच वाक्यात.

मी जमिनीवर, ते माझ्या मागे लोखंडी खुर्चीत. गेमचा नायक राजकन्येकडे धावत असला की मागून आवाज यायचा, "थांब. त्या घराच्या मागं जा."

"अण्णा, मागे काही नसतं. शत्रू पुढे आहे."

"शत्रू कुठं जात नाय. घराची मागची बाजू रंगवलीय का बग."

बहुतेक वेळा रंगवलेली नसायची. भिंत सपाट, दार चितारलेलं, झाडाला सावली नाही. अण्णा समाधानाने हुंकार देत. त्यांचा हात कोपरापर्यंत गेलेला असे, माझ्या अंगठ्यावाटे. दुसरा नियम, शेवट पाहिल्याशिवाय निकाल नाही. गेम कितीही टुकार असो, मला तो शेवटपर्यंत खेळावा लागे. एका गेममध्ये मी एकवीस दिवस राक्षस मारत होतो आणि अण्णांचं मत तिसऱ्या मिनिटाला झालेलं होतं.

निकाल ते वखारीतल्या उरलेल्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्यांवर लिहीत. डाव्या हाताने, शिरोरेघ आधी ओढून. मग चिठ्ठी सुतळीने डिस्कच्या डबीला बांधत. गेमची इंग्रजी नावं त्यांनी मान्य केली नव्हती. शेवटी दर्जा: 'हात ओला', 'गुरं खातील', किंवा 'हात कोरडा'. हात कोरडा म्हणजे आतून-बाहेरून खरा माल. तो दर्जा कधी कुणाला मिळालाच नव्हता.

काही चिठ्ठ्या मला पाठ आहेत.

शेतीचा गेम: "पेरणीआधी राब भाजला नाही. चिखलणी नाही. बी टाकल्यावर तिसऱ्या मिनिटाला पीक. शेजारी मदतीला येतो व बांधाचा विषय काढत नाही. खेळ काल्पनिक आहे. हात ओला." त्याच कपाटात एक आग ओकणाऱ्या अजगरांचा गेम होता. त्याला त्यांनी काल्पनिक म्हटलेलं नव्हतं.

गाड्यांची शर्यत: "गाडी कड्यावरून पडते, उलटते, उभी राहते, रंगसुद्धा जात नाही. माळशेज घाटातून रोज जाणाऱ्याने खेळू नये. सवय लागेल."

भुतांचा गेम: "भूत येण्याआधी वाद्य वाजतं. आमच्याकडे इतक्या सूचना देऊन वीजपण जात नाही. हात ओला."

युद्धाचा गेम: "एक माणूस दोनशे मारतो. मध्ये जेवत नाही. ज्यांना मारलं ते कोणत्या गावचे हे कोणी विचारत नाही. गुरं खातील."

मारामारीचा गेम: "दोघे भर बाजारात भांडतात. सोडवायला कोणी येत नाही, सगळे उभे राहून बघतात. बाजार चांगला काढला आहे."

एकदा एक बाई दहावीतल्या मुलासाठी गेम मागायला आल्या. तो म्हणे गेम दिल्याशिवाय पुस्तक उघडेना. अण्णांनी कपाटातला सगळ्यात भिकार गेम काढून दिला. "अण्णा, चिठ्ठीवर तर वाईट लिवलंय," बाई म्हणाल्या. अण्णा म्हणाले, "म्हनून तर देतो गो. दोन दिसांत कंटालंल. चांगला दिला तर बारावीपरेंत बसंल." मुलगा पास झाला. समीक्षेचा समाजाला एवढा थेट उपयोग मी पुन्हा पाहिला नाही.

या चिठ्ठ्यांचा खरा वाचक मात्र एकच होता, टोकावड्याचा बाळू पष्टे. मुरबाड-माळशेज रस्त्यावर त्याचा ढाबा. तिथे त्याने हौसेने कन्सोल ठेवला होता. गिऱ्हाईक नसलं की स्वतः खेळायचा. दर पंधरवड्याला एसटीने शहापूरला येऊन डिस्क बदलून न्यायचा आणि ढाब्यावर जेवणाऱ्या ड्रायव्हरांना आधी अण्णांची चिठ्ठी मोठ्याने वाचून दाखवायचा. त्याला सगळ्या तोंडपाठ होत्या. अण्णा त्याला शिव्या घालत, म्हणजे त्यांना तो आवडत असे. "बाळ्या, तुला वाचता येतं, कलत नाय," असं म्हणून स्वतःच्या डब्यातली अर्धी भाकरी त्याला देत. मला सात वर्षांत डब्यातलं काही मिळालं नाही. मी अंगठा होतो. अंगठ्याला कोणी जेवायला घालत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. तो टाळत टाळत इथपर्यंत आलो, हे वाचणाऱ्याच्या लक्षात आलंच असेल.

एक गेम आला. अण्णांनी त्याला नाव दिलं, 'म्हाताऱ्याचं खेचर'. मारामारी नाही, शर्यत नाही. एक म्हातारा आणि त्याचं खेचर बर्फाचा डोंगर चढतात. पलीकडे त्याचा भाऊ राहतो, चाळीस वर्षं भेट नाही. बस, एवढंच. अण्णा खुर्चीत पुढे सरकून बसायला लागले. घरांच्या मागच्या बाजू रंगवलेल्या होत्या. एका गोठ्यामागे तर कोणीही जाणार नाही अशा जागी तुटकी टोपली ठेवलेली होती. "कोनी तरी बसून काम केलंय रे," अण्णा म्हणाले. त्यांच्या तोंडून ही स्तुती ऐकून मी खेळायचा थांबलो होतो.

शेवटचा टप्पा राहिला होता आणि अण्णांना चार दिवस मुरबाडला भाचीच्या लग्नाला जावं लागलं. "तू पुरा कर," म्हणाले. "मला येऊन सांग. तू बगितलंस म्हंजे मी बगितलं."

शेवटच्या टप्प्यात एक झुलता पूल होता. मला तो ओलांडता आला नाही. वारा यायचा, खेचर बिथरायचं, म्हातारा दरीत. चार संध्याकाळी मी त्या म्हाताऱ्याला दरीत टाकत होतो. पाचव्या दिवशी अण्णा लग्नाचे लाडू घेऊन आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "बोल."

"पूल जमला नाही," एवढं म्हणायचं होतं. पण सात वर्षं ज्याच्या अंगठ्याची कीर्ती, त्याला पूल जमत नाही हे कसं सांगायचं? मी म्हणालो, "बघितला शेवट."

"भाऊ भेटला?"

"भेटला," मी म्हणालो. आणि मग ते तोंडातून आपोआप येत गेलं. भाऊ चुलीपुढे बसलेला असतो. म्हाताऱ्याला ओळखत नाही. वाटसरू समजून आत घेतो, जेवायला वाढतो, कुठल्या गावचे विचारतो. म्हातारा आपलं नाव सांगत नाही. जेवतो, स्वतःचं ताट स्वतः धुतो, पालथं घालतो आणि खेचर घेऊन परत निघतो.

अण्णांनी लाडवांचा पुडा खाली ठेवला. मग म्हणाले, "ताट धुतलं?"

"धुतलं."

त्यांनी चिठ्ठी घेतली. ती त्यांची सर्वांत छोटी चिठ्ठी: "ताट धुतलं. हात कोरडा."

सात वर्षांत पहिल्यांदा हात कोरडा निघाला होता आणि आतली मूठ मी भरलेली होती.

चिठ्ठीचा बोभाटा झाला. बाळूने गेम नेला. आठ दिवसांनी भाजीच्या पिशवीत अख्खा कन्सोल घालून तो बाजारच्या दिवशी दुकानात हजर. दुकान भरलेलं.

"अण्णा, घरात कोन नाय वो. भाऊ नाय, चूल नाय. नुसत्या वहाना हायत."

"अर्धवट खेललास तू."

"पुरा खेललो. तुमीच बगा." त्याने पेटी जोडली आणि पूल असा पार केला की मला तोंड लपवायला जागा राहिली नाही. म्हातारा झोपडीत शिरला. आत कोणी नाही. उंबऱ्याशी धूळ बसलेल्या वहाणा. पडदा पांढरा झाला आणि बनवणाऱ्यांची नावं सरकू लागली.

दुकानातला प्रत्येक माणूस अण्णांकडे बघत होता. अण्णांनी फक्त माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. मी आता काहीतरी समजावून सांगेन, अशा खात्रीने.

मी समजावलं. "अण्णा, अशा गेमना दोन दोन शेवट असतात. आपण कसं खेळलो त्यावर ठरतं."

हे खोटं नव्हे. असे गेम असतात. उत्तम खोटं असंच बनवतात, वरून ताजं गवत लावून.

अण्णांचा चेहरा उजळला. "बाळ्या, खरं सांग. खेचराला मारलंस का?"

बाळू गडबडला. "येकदाच. चढाला."

"मंग झालं," अण्णा म्हणाले. "वाकड्या मानसाला वहानाच दिसनार." दुकान हसलं. मीही हसलो, सगळे हसत असताना एकट्याने न हसणं संशयास्पद दिसतं. अण्णांनी चिठ्ठीखाली एक ओळ वाढवली: "दोन शेवट आहेत. चांगला शेवट सरळ माणसालाच दिसतो."

बाळू तो गेम परत घेऊन गेला. नंतर कळलं, त्याने तो अकरा वेळा खेळला. खेचराला काठी लावली नाही, प्रत्येक झऱ्यावर पाणी पाजलं, देवळापुढे म्हाताऱ्याची टोपी काढली. अकराही वेळा वहाणा. ड्रायव्हर त्याला 'वाकडा पष्टे' म्हणू लागले, जेवून उठताना "सरळ झाला का रे?" म्हणून विचारू लागले. बाराव्या वेळी त्याने डिस्क एसटीच्या कंडक्टरच्या हाती पाठवून दिली. निरोप नाही. तो पुन्हा दुकानात आला नाही. अण्णा पंधरवडा मोजत आणि डबा उघडताना दाराकडे बघत. "सरळ बोललेलं सोसत नाय लोकांना," म्हणत. मी मान डोलवायचो. 'मी खोटं बोललो' हे तीन शब्द आहेत. कारकून माणूस, रोज तीनशे लिहीत होतो.

मग फोन आले, गेम लोकांच्या खिशात गेले, दुकान बंद झालं. अण्णा किन्हवलीला आपल्या घरी राहायला गेले. माझ्या बदल्या झाल्या. मुरबाड रस्त्याने जाताना टोकावडं आलं की मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीकडे बघायचो. ज्याला फोनवर दोन मिनिटांत तो शेवट बघता आला असता, त्या बाळूने गेमचा नादच सोडला होता. आणि फोनवर शेवट बघणं म्हणजे अण्णांच्या मते फोटो बघून गासडीचा भाव बोलणं.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस किन्हवलीला गेलो. अण्णा ओटीवर बसले होते, खूप वाळलेले. चहा झाला. आत टीव्ही होता आणि त्याखाली फडक्याने झाकलेला जुना कन्सोल.

"हा ठेवलात अजून?"

"खेलतो मी," अण्णा म्हणाले.

त्यांनी दाखवलं. रिमोट पाटावर ठेवायचा. एक दांडी डाव्या अंगठ्याने धरायची आणि उजव्या बाजूची बटणं उजव्या हाताच्या पहिल्या बोटाने वरून दाबायची, जुने टंकलेखक दाबत तशी. शिकायला दोन पावसाळे गेले म्हणाले. बोटाला घट्टा पडलेला होता.

"कोणता गेम?"

"येकच. खेचराचा." मग पाटाकडे बघत म्हणाले, "चार टायम पुरा केला. खेचराला सबूदसुदा वाकडा बोललो नाय. म्हटलं, मरायच्या आदी ते ताट येकदा बगावं. चारी टायम वहाना."

त्यांनी कन्सोलवर पुन्हा फडकं टाकलं.

"बाळ्याला उगाच बोललो रे मी. तो येकटा वाकडा नाय. मानूस जलमभर सोताला सरळ समजतो, भाऊसाहेब. गवतात हात घालतो, सोताच्यात घालायचा राहून जातो."

पंधरा वर्षं मी धरून चाललो होतो की माझ्या खोट्याने फार तर एका ढाबेवाल्याची चेष्टा झाली. आणि इथे हा माणूस नऊ बोटांनी डोंगर चढून, माझ्या थापेवरून स्वतःवर निकाल लिहून बसला होता.

मी सांगितलं. पूल, लाडू, चूल, सगळं. उभ्याने सांगितलं, बसवेना.

अण्णांनी पहिला प्रश्न विचारला तो मला अपेक्षित नव्हता. "मंग ताट?"

"ते पण मीच, अण्णा."

"म्हंजे कोनी धुतलं नाय."

"नाही."

मला वाटलं आता शिवी येईल. शिवी आली असती तर बरं झालं असतं. ते उठले, टोपी घातली, कपाटातून डिस्क काढली आणि म्हणाले, "चल. टोकावड्याला."

सरळगावला गाडी बदलली. दोन्ही गाड्यांत ते माझ्या शेजारी बसले, डिस्कची डबी मांडीवर धरून.

बाळू भट्टीशी होता. डोकं पांढरं झालेलं. अण्णांना बघून त्याने हात पुसले. अण्णा म्हणाले, "हे भाऊसाहेब कायतरी सांगत्यात. आईक." मी दुसऱ्यांदा सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जातं म्हणतात. जात नाही.

बाळू ऐकून माझ्याकडे बघत म्हणाला, "अकरा टायम खेललो मी. टोपी काडली दर टायमाला." मग अण्णांकडे वळून म्हणाला, "अण्णा, तुमी आत बसा. यांना हितंच ऱ्हाऊं द्या."

"थांब," अण्णा म्हणाले. "त्याचं लिवायचं काम हाय." त्यांनी खिशातून पुठ्ठ्याची कोरी चिठ्ठी काढली. एवढी वर्षं जपलेली असावी. ती माझ्यापुढे धरून म्हणाले, "लिव."

मी लिहिलं: "म्हाताऱ्याचं खेचर. शेवट एकच आहे. घरात कोणी नाही. आधीची चिठ्ठी खोटी. बाळू पष्टे खरा." आणि मी पेन उचललं, तसे ते म्हणाले, "खाली नाव घाल. तुजं."

घातलं. बाळूने ती सुतळीने डबीला बांधली. दर्जा लिहायचा राहिला, हे माझ्या लक्षात आलं, तसं म्हणालो.

"तो आमी ठरवू," अण्णा म्हणाले. "तुजा हात नको."

आतल्या खोलीत टीव्ही सुरू झाला. दारातून मला दोघांच्या पाठी दिसत होत्या. बाळू खाली बसलेला, अण्णा मागे प्लास्टिकच्या खुर्चीत, पुढे झुकून. पडद्यावर म्हातारा खेचर घेऊन निघाला होता.

"गोठ्याच्या मागं जा," अण्णा म्हणत होते. "मागं रे, वाकड्या. तितं टोपली हाय."

"म्हाईत हाय वो मला," बाळू म्हणाला.

परतीची गाडी यायला पाऊण तास होता. मी बाकावर बसून राहिलो. चहा मला कोणी विचारला नाही.